टाकीभर आयप्टेशिया पसरलाय, खरवडल्यावर आणखीच वाढला. मदत हवी आहे

निळी_खोली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे वाचनमात्र होते, आज अडचण आली म्हणून धागा काढतेय.

माझी २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे, खाली संप (पाणी गाळण्याची दुसरी लहान टाकी). सुरू करून दीड वर्ष झालं. दोन क्लाउनफिश, एक गोबी, थोडे झोआ, मशरूमचा एक खडक (दोन्ही कोरलचे भाऊबंद) आणि एक हॅमर कोरल. हॅमर माझा सगळ्यात लाडका.

सहा महिन्यांपूर्वी डावीकडच्या खडकाच्या भेगेत एक लहानसं तपकिरी फूल दिसलं. देठ काचेसारखा आरपार, वर लांब, टोकाला निमुळते होत गेलेले दोरे. लाईव्ह रॉकमधून (जिवंत जीव वसलेल्या समुद्री खडकातून) आपसूक उगवलेला जीव म्हणून मला त्याचं फार अप्रूप वाटलं. रोज चिमूटभर खाणंही घालायचे. तीन महिन्यांनी तशीच पाच-सहा दिसायला लागली, तेव्हा वाचून कळलं की हा आयप्टेशिया, झपाट्याने पसरणारा डंखधारी ॲनिमोनी.

मग मी कुणाला न विचारता पातं घेऊन खरवडायला बसले. पातं लागताक्षणी तो भेगेत आत ओढला गेला आणि अंगातून पांढरे, केसासारखे बारीक धागे बाहेर आले. ते पात्याला चिकटून बसले. तरी मी खरवडत राहिले, निघाले तेवढे तुकडे काढून टाकले. ही तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. काल रात्री टॉर्च घेऊन मोजले तर ४३ भरले. त्यातला एक हॅमरच्या बुडाशी आहे आणि त्या बाजूची हॅमरची दोन तोंडं आता उघडतच नाहीत.

टाकी मोडायची वेळ आली आहे का? खरं काय ते सांगा.

खारवारा

टाकी मोडायची अजिबात गरज नाही. आधी एक सांगा, खरवडलंत तेव्हा पंप चालू होता की बंद?

निळी_खोली

चालू होता. दोन्ही वेव्हमेकर (लाटा करणारे पंप) पण.

खारवारा

मग ४३ कसे झाले ते कळलं. या प्राण्याची वाढायची मुख्य रीतच ती आहे. तो खडकावरून जरासा सरकला तरी तळव्याच्या कडेचे बारीक कपटे मागे राहतात, आणि त्या प्रत्येक कपट्याला काही दिवसांत स्वतःचे दोरे फुटतात. तुम्ही पात्याने तेच काम पटापट केलंत आणि वेव्हमेकरने ते कपटे टाकीभर नेले. तुम्ही बाहेर काढलेत ते मोठे तुकडे. जे दिसलेच नाहीत ते खडकांत जाऊन बसले.

पांढरे धागे म्हणजे त्याचं शेवटचं हत्यार. देठाला बारीक छिद्रं असतात, डिवचलं की त्यांतून हे धागे बाहेर फेकतो, आणि ते डंखपेशींनी गच्च भरलेले असतात. हॅमरला त्याचाच त्रास होतोय. हॅमर काढता येण्यासारखा असेल तर आजच दुसरीकडे हलवा, बाकीचं नंतर बघू. मात्र त्याच्या बुडाला चिकटलेला आयप्टेशिया सोबत जाणार नाही याची खात्री करा.

यापुढे एकच नियम पाळा. कापायचा नाही, चिरडायचा नाही, उपटायचा नाही. मारायचा तर जागच्या जागी, अख्खा.

खेकडा०७

धागा वाचून माझी टाकी तपासली. माझ्याकडेही आहेत, पण दोरे आखूड आणि जाडसर, टोकाला गाठीसारखा फुगवटा, रंग हिरवट. बबल टिप ॲनिमोनीचं पिल्लूच वाटावं असं. हाच का?

खारवारा

नाही, तो माजानो. तोही उपद्रवीच. तो आयप्टेशियाइतका झपाट्याने आत ओढून घेत नाही, त्यामुळे सुईने टिपायला सोपा जातो. पण पुढे बर्गियाचा (आयप्टेशिया खाणाऱ्या समुद्री गोगलगायीचा) विषय निघेल तेव्हा लक्षात ठेवा, ती माजानोला तोंड लावत नाही.

शंखशिंपला

निळी_खोली ताई, मी गेल्या वर्षी यातून गेले आहे. माझ्याकडे तीसेक होते. चुन्याने काढले. जे केलं ते सगळं लिहिते, कारण ‘चुना टोचा’ एवढंच वाचून मी पहिल्यांदा एक झोआची वसाहत जाळून बसले होते.

कॅल्कवॉसर म्हणून मिळते ती शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पूड घ्या. बांधकामाचा चुना नको, त्यात काय काय मिसळलेलं असतं. पूड आरओच्या पाण्यात अगदी थोडी थोडी कालवत जा. दाट ताकाहून घट्ट, पण सुईतून उतरेल इतपत. हातमोजे आणि चष्मा घाला, डोळ्यांत उडाला तर फार वाईट. चुन्याच्या साध्या निवळीचाच पीएच १२ च्या वर असतो, हा तर तिच्याहून कितीतरी दाट लगदा.

सगळे पंप बंद करा आणि पाणी पूर्ण थांबेपर्यंत पाच मिनिटं थांबा. ही पाच मिनिटं वाचवू नका. सिरिंजला लांब, बोथट सुई लावा. सुई वरून सावलीसारखी न्यायची नाही, बाजूने आणि इतक्या सावकाश न्यायची की त्याला ती कळताच कामा नये. दोऱ्यांना धक्का न लावता मधल्या तोंडावर एक थेंब सोडा. इथेच सगळी गंमत आहे. हळू गेलात तर तो त्या थेंबाला खाणं समजतो, दोरे आत वळवतो आणि चुना स्वतःच ओढून घेतो. मग वरून आणखी थोडा सोडून भेगेचं तोंड बुजवायचं. घाई केलीत तर तो आधीच आत गेलेला असतो, चुना नुसता खडकावर पडतो आणि चार दिवसांनी त्याच भेगेतून तो परत डोकावतो.

वीस मिनिटांनी पंप सुरू करण्याआधी सुटा झालेला चुना बारीक नळीने ओढून घ्या, नाहीतर तो पांढरा गाळ उडून कोरलवर बसतो. माझे झोआ गेले ते याच कारणाने.

आणि एका बैठकीत चार-पाचच. तुमच्या २०० लिटरमध्ये ४३ च्या ४३ एकदम घेतलेत तर पीएच उसळेल. मी दर तिसऱ्या दिवशी चार करायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पीएच बघायचे.

प्रवाळप्रेमी

एवढा उपद्व्याप कशाला? पेपरमिंट कोळंबी सोडा तीन-चार. माझ्याकडे दोन आठवड्यांत सगळं साफ.

शंखशिंपला

तुमच्याकडे झालं, माझ्याकडे नाही. माझ्या कोळंब्या माशांचं उरलेलं खाऊन सुखात राहिल्या आणि आयप्टेशिया त्यांच्या शेजारी वाढत राहिले. मोठ्यांना तर त्या शिवतच नाहीत, बारीक पिल्लं खातात.

खारवारा

दोघांचंही खरं आहे, आणि त्याला कारण आहे. पेपरमिंट म्हणून विकली जाणारी कोळंबी एकाच जातीची नसते. बरीच वर्षं लिस्माटा वुर्डेमॅनी या एकाच नावाखाली अनेक जाती मोजल्या जायच्या. लिस्माटा बॉगेसी तर २००६ मध्ये वेगळी जात ठरली. त्यामुळे दोघांनी ‘पेपरमिंट’च घेतली तरी दोघांना एकच प्राणी मिळाला असेल असं नाही. त्यात तिचं पोट भरलेलं असेल तर ती आयप्टेशियाकडे वळत नाही. सोडणार असाल तर माशांचं खाणं आठ-दहा दिवस हात राखून घाला.

आणि उंट कोळंबीपासून सावध राहा, ती पेपरमिंट म्हणून गळ्यात मारली जाते. पेपरमिंटचं अंग अर्धपारदर्शक, त्यावर लांबट तांबड्या रेघा. उंट कोळंबीच्या पाठीला कुबड, डोळे मोठे, तांबड्या अंगावर पांढऱ्या रेघांची जाळी. ती झोआ आणि मशरूम खाते, तुमच्याकडे दोन्ही आहेत.

निळी_खोली

सगळ्यांचे आभार. हॅमर हलवला. बुडाशी असलेला आयप्टेशिया खडकालाच होता, हॅमरच्या सांगाड्याला नव्हता, त्यामुळे तो मागेच राहिला. आज चुन्याने चार केले. त्यांतले दोन नीट झाले, थेंब आत ओढताना डोळ्यांनी पाहिलं. दोन निसटले, माझा हात थरथरत होता.

एक विचारायचं होतं. डावीकडचा खडक सुटा आहे, जवळजवळ निम्मे त्यावरच आहेत. तो बाहेर काढून मोठ्या पातेल्यात उकळला तर एकाच फटक्यात काम होईल ना? त्यावर थोडे झोआ आहेत, त्यांच्यावर पाणी सोडायची माझी तयारी आहे.

रात्रपाळी

नको! ताई, हे वाचत असाल तर पातेलं बाजूला ठेवा. लाईव्ह रॉक घरात कधीही उकळायचा नाही, आणि झोआ किंवा पॅलिथोआ (झोआचाच नातलग) असलेला तर मुळीच नाही. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन असू शकतं. हे विष १९७१ मध्ये हवाईतल्या पॅलिथोआपासून वेगळं काढलं गेलं आणि ठाऊक असलेल्या अतिजहाल विषांत ते मोडतं. उकळल्याने ते मरत नाही, वाफेबरोबर हवेत येतं. खडक उकळल्यामुळे घरातली सगळी माणसं, पाळीव जनावरंसुद्धा, श्वास अडकून दवाखान्यात गेल्याच्या नोंदी आहेत. खडक गरम पाण्याच्या ब्रशने घासणंही तितकंच वाईट.

झोआ हाताळतानाही हातमोजे घाला. बोटाला चीर असेल तर त्या दिवशी टाकीत हात घालू नका.

निळी_खोली

वाचलं. पातेलं काढलंच होतं. गॅस लावायच्या आधी इथे विचारलं हे फार बरं झालं. मनापासून आभार.

शंखशिंपला

त्या सुट्या खडकावर तुम्हाला वाचवायचं असं काहीच नसेल तर तो उचलून वेगळ्या बादलीत ठेवा आणि टाकीतून कायमचा बाद करा. निम्मे कमी होतील. उचलताना पंप बंद, आणि खडक टाकीत आपटायचा, झटकायचा नाही. पाण्याबाहेर काढायच्या आधी खाली भांडं धरा, म्हणजे निथळणारं पाणी परत टाकीत पडणार नाही.

सूक्ष्मदर्शी

मी मत्स्यपालनातला नाही, सागरी जीवशास्त्र शिकलो आहे. एक गोष्ट सांगतो, तुमच्या कामाची आहे.

तुम्हाला नकोसा झालेला हा प्राणी प्रवाळांचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांत मुद्दाम पाळला जातो. प्रवाळाप्रमाणेच याच्याही ऊतींत एकपेशीय शैवाल राहतं आणि उजेडात तयार केलेलं अन्न यजमानाला देतं. तपकिरी रंग त्या शैवालाचाच. फरक इतकाच की शैवाल गेलं की प्रवाळ फार काळ टिकत नाही. हा मात्र टिकतो, खायला मिळत राहिलं तर पांढराफटक होऊन महिनोन्‌महिने जगतो. एकाच प्राण्यापासून हजारो तंतोतंत सारखे मिळतात हाही प्रयोगशाळेच्या दृष्टीने गुणच. त्याचा जनुकसंच २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता मुद्दा. तुम्ही शोधताय ते तपकिरी आयप्टेशिया. उजेड नसलेल्या जागी तो तपकिरी नसतो. संप, ओव्हरफ्लोचा डबा (टाकीतलं पाणी संपकडे जाताना ज्यात पडतं तो), पाइपांचे कोपरे बघितलेत का? तिथे पांढुरके, जवळजवळ न दिसणारे असतील, आणि वरून वाहून येणाऱ्या खाण्यावर जगत असतील.

खारवारा

सूक्ष्मदर्शी, हा मुद्दा सोन्यासारखा आहे. वरची टाकी स्वच्छ करून महिन्याभरात पुन्हा सगळं उगवतं म्हणून लोक हात टेकतात, त्यांचं बियाणं खालीच असतं.

निळी_खोली

आत्ताच ओव्हरफ्लोचं झाकण उघडलं. टॉर्चच्या उजेडात आधी काहीच दिसलं नाही. मग एक कोपरा हलल्यासारखा वाटला. दुधट दोऱ्यांचे झुबकेच्या झुबके, चारही कोपऱ्यांत. मी मोजलेसुद्धा नाहीत. मघापासून इथेच बसून आहे.

रात्रपाळी

धीर सोडू नका. तुम्हाला उलट सगळ्यात सोपी जागा सापडली आहे. ओव्हरफ्लोत कोरल नाहीत, मासे नाहीत. परतीचा पंप बंद करा, डब्यातलं पाणी उपसा, आणि जे भाग निघतात ते बाहेर काढून व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. जे निघत नाहीत तिथे चुन्याचा जाड लेप द्या, तासभर ठेवा, मग सगळं ओढून बाहेरच टाका. ते पाणी परत टाकीत जाऊ द्यायचं नाही.

मोठ्या टाकीसाठी मात्र माझं मत बर्गियाच्या बाजूने आहे. ही दोन सेंटिमीटरची समुद्री गोगलगाय, कवच नसलेली, पाठीवर करड्या-पांढऱ्या बोटांची झालर. २००५ मध्ये फ्लोरिडातल्या नमुन्यांवरून तिचं शास्त्रीय वर्णन झालं. ती आयप्टेशियाच खाते, दुसरं काहीच नाही. कोरलला अपाय नाही, माशांना नाही.

मी ती खाताना पाहिली आहे, रात्री दोनच्या सुमारास, लाल उजेडात. ती सरळ चालून येत नाही, आधी डोक्यावरची शिंगं पुढे करून देठाला हुंगल्यासारखं करते. आयप्टेशियाने धागे फेकले तर पाठीची झालर ताठ उभारते, जराशी मागे सरते, पुन्हा येते. मग देठाच्या खालच्या भागाला तोंड लावते आणि तो हळूहळू लुळा पडत जातो. पुष्कळदा दोन-तीन जणी मिळून एकाला खातात. त्याच्या डंखपेशी तिला मारत नाहीत. ती त्यांतल्या कितीतरी न फुटलेल्या अवस्थेत स्वतःच्या झालरीच्या टोकांत साठवते आणि पुढे आपल्या बचावासाठी वापरते. सकाळी तिथे खडकाशिवाय काही नव्हतं.

अटी आहेत. एक-दोन सोडून उपयोग नाही, तुमच्या टाकीला सात-आठ तरी हव्यात. रॅस जातीचे मासे, खेकडे आणि पेपरमिंट कोळंब्या तिला खाऊन टाकतात. म्हणजे पेपरमिंट किंवा बर्गिया, दोन्ही एकत्र नाही. पंपाच्या तोंडाला स्पंज लावा. आणि दोन-तीन महिने थांबायची तयारी ठेवा. पहिले कित्येक आठवडे काहीच घडत नाही असं वाटतं, कारण ती दिवसा दिसतच नाही.

प्रवाळप्रेमी

फाइलफिशचं काय? ॲक्रेइक्थिस टोमेंटोसस. तो खातो म्हणतात.

खारवारा

खातो. पण आयप्टेशिया संपला की काही जण कोरलचे मांसल भाग कुरतडायला लागतात. हॅमर असलेल्या टाकीत मी तो सोडणार नाही. कॉपरबँड बटरफ्लायफिशही खातो, पण त्याला २०० लिटर फारच अपुरे आणि त्याला खायला शिकवता शिकवता बरेच मासे दगावतात. एका उपद्रवासाठी एका चांगल्या माशाचा बळी द्यायला माझं मन घेत नाही.

निळी_खोली

ठरवलं. सुटा खडक बाद, ओव्हरफ्लोला चुना आणि व्हिनेगर, टाकीतल्या मोठ्यांना चुना, उरलेल्यांसाठी बर्गिया. खाणंही निम्म्यावर आणलं आहे. हळूहळू इथे लिहीत राहीन.

खारवारा

चुना आणि बर्गिया एकाच आठवड्यात नको. चुना थांबवल्यावर दहा दिवस जाऊ द्या. आणि नवीन फ्रॅग (कोरलचा तुकडा) आणलात तर प्लगसकट (तो ज्यावर चिकटवलेला असतो त्या चकतीसकट) टाकीत ठेवू नका. कोरल प्लगवरून कापून स्वच्छ प्लगला लावा, जुना प्लग फेका. डिपमध्ये (कीड मारायच्या औषधी पाण्यात) बुडवून आयप्टेशिया मरेलच असं नाही, तो आत ओढून बसतो आणि वाट बघतो.

निळी_खोली (पाच आठवड्यांनी)

ओव्हरफ्लो तीन वेळा करावा लागला. आता तिथे काही दिसत नाही. टाकीत मोठे सगळे गेले, बारीक वीसेक असतील. आठ बर्गिया सोडून अठरा दिवस झाले, त्यानंतर एकही दिसलेली नाही. मेल्या असतील का?

रात्रपाळी

दिवे बंद झाल्यावर तीन तासांनी लाल उजेडात खडकांच्या खालच्या बाजू बघा. गोगलगायीच नाही, पांढऱ्या धाग्याची वेटोळी शोधा. घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली, नखाएवढी. ती अंडी.

निळी_खोली

सापडली! मशरूमच्या खडकाखाली दोन वेटोळी आणि काचेवर एक. काचेवरच्याला भिंगातून पाहिलं, धाग्यात मोहरीहूनही बारीक टिपके ओळीने बसले आहेत.

शंखशिंपला

वा ताई, आता ती काच पुसू नका काही दिवस.

निळी_खोली (आणखी दोन महिन्यांनी)

आज रात्री तासभर शोधलं. एकही आयप्टेशिया दिसला नाही, ओव्हरफ्लोतही नाही. हॅमरच्या मिटलेल्या दोन तोंडांपैकी एक पूर्ण उघडलं आहे. दुसरं गेलं, तिथे आता नुसता सांगाडा आहे. त्याच्या कडेला बोंडासारखं काहीतरी हिरवं फुटतंय, ते वाचतंय का बघायचं.

पण आता बर्गिया उपाशी आहेत. काल एक काचेवर भरदिवसा फिरत होती, अंग बारीक झालेलं, झालरीचा रंग उडालेला. ज्यांनी माझी टाकी वाचवली त्यांना असं मरू देववत नाही. इथे कुणाच्या टाकीत आयप्टेशिया आहे का?

खेकडा०७

माझ्याकडे आहे! माजानोला सुईने टिपत होतो तेव्हा मागच्या खडकावर सापडला, वीस-पंचवीस तरी असतील. रॅस नाही, पेपरमिंट नाही. मला चालतील, नव्हे, हव्याच आहेत.

रात्रपाळी

ताई, हाताने किंवा चिमट्याने उचलू नका, झालर तुटते. रुंद तोंडाच्या ड्रॉपरने पाण्यासकट ओढून घ्या. टाकीतल्याच पाण्याच्या लहान बरणीत ठेवा, अंधारात. खेकडा०७, सोडताना पाण्यात वरून टाकू नका, मासे झेपावतात. दिवे गेल्यावर ड्रॉपर थेट आयप्टेशियाच्या शेजारी नेऊन खडकावर अलगद सोडा.

निळी_खोली

तीन रात्री जागून अकरा गोळा केल्या. आठ सोडल्या होत्या, म्हणजे या तिथेच जन्मलेल्या पण आहेत. बरणी कपड्यात गुंडाळून ठेवली आहे. खेकडा०७, वेळ आणि जागा व्यक्तिगत निरोपात कळवते, उद्याच घेऊन जा.